इंदूचं पापलेट

आमच्या लालबागच्या चाळीत मासळी आणणारा माणूस ती लपवून आणतो. का, ते मला इथे नांदायला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली तरी कळलेलं नाही. वास अख्ख्या जिन्याला येतो. तरी पिशवीच्या तोंडाशी मेथीची जुडी ठेवायची, वर पेपर पसरायचा, आणि कोणी विचारलंच तर "काही नाही, थोडी कोलंबी" म्हणून सटकायचं.

इंदू मात्र पापलेट जाळीतून आणते. बाजारात कांदे मिळतात ना, तसली लाल नायलॉनची जाळी. ती डाव्या कुबडीच्या मुठीला अडकवते आणि मग प्रत्येक पावलाला ते पापलेट इकडून तिकडे झोके घेतं. महिन्यातून एकदाच हं. तिची पेन्शन बँकेत पडली की दुसऱ्या दिवशी सकाळी. बाजारातून चाळीत यायला मागची गल्ली जवळची आहे, पण त्या दिवशी इंदू हमरस्त्याने येते, कमिटीच्या ऑफिसवरून येते, वाण्याच्या दुकानाशी दम खायला थांबते, आणि धडधाकट माणसाची दहा मिनिटांची वाट पाऊण तासात संपवते. तोवर तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी पापलेट पाहिलेलं असतं. किती मोठं, रुपेरी की काळपट, सगळं.

मी तिला एकदा म्हटलं, अगं झाकून आण, लोकांची नजर लागते. तर म्हणाली, "वहिनी, माझ्या पायांकडे लोक पन्नास वर्षं बघतायत. आता जरा माशाकडे बघू दे."

तर ही इंदू. आमच्या तळमजल्यावर जिन्याला लागून जी खोली आहे ती तिची. वडील गिरणीत होते, त्यांची खोली. तीन वर्षांची असताना पोलिओ झाला. एक पाय काठीसारखा, दुसरा कामापुरता. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे कोणी केलं नाही, असं ती स्वतःच सांगते. आई-वडील गेले, भाऊ विरारच्या पलीकडे राहायला गेला आणि हळूहळू त्याच्याही पलीकडे गेला. मी या चाळीत नवी नवरी म्हणून आले तेव्हा ती परकरातली होती, म्हणून मी तिची वहिनी. साऱ्या चाळीची ती इंदूताई, पोराटोरांची मावशी, आणि माझी नुसती इंदू.

पूर्वी नाक्यावर तिचा टेलिफोनचा बूथ होता. पिवळी पाटी, काचेची पेटी, आणि बाहेर स्टुलावर इंदू. अपंगांना तेव्हा सरकार बूथ द्यायचं. लालबागची निम्मी लग्नं तिच्या कानांवरून गेली आणि मोडलेलीही तिथेच मोडली, पण या कानाचं त्या कानाला तिने कधी कळू दिलं नाही. मोबाईल आले आणि बूथ बसला. पण सवय काही गेली नाही. तेव्हा लोकल कॉल तीन मिनिटांचा असायचा. अजूनही कोणी तिच्याशी फार वेळ बोलत राहिलं की इंदू मान वर न करता म्हणते, "तीन मिनिटं झाली." म्हणजे आता पुरे, निघा. आमदारकीला उभा राहिलेला एक माणूस हात जोडून तिच्या दारात आला होता, त्यालासुद्धा तिने असंच कट केलं.

आता ती साड्यांना फॉल लावते. त्यातून चहा-साखर, रेशन, लाईटचं बिल कसंबसं निघतं. आणि महिन्याला अपंगांची पेन्शन. हल्ली दिव्यांग म्हणायचं असतं, मला माहीत आहे, टीव्हीवर सांगतात. इंदूला मी तसं म्हणून पाहिलं. "दिव्य काय गो त्यात?" म्हणाली, "जिना चढताना ये बघायला." आणि सरकारी कागदावर जो निराधार असा शब्द आहे त्यावर तर तिचा एवढा राग की फॉर्म भरताना ती त्या शब्दावर बोट ठेवून बसते, मला दिसू नये म्हणून.

आता पेन्शन येते म्हटल्यावर तिचं काय करायचं हे ठरवायला सगळी चाळ बसलेली. आमच्या कमिटीचे चिटणीस परब, बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी तिच्यासाठी रिकरिंगचा फॉर्मच आणून ठेवला होता. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाई म्हणायच्या, तिने आयुर्वेदिक तेल लावावं, गुडघ्याला आराम पडेल. कोणी म्हणायचं दुखण्याखुपण्याला ठेव, कोणी म्हणायचं अष्टविनायकाला जा, गाडीतून उतरवतात उचलून. मी काही वेगळी नव्हते. मी तिला मिक्सर घे म्हणून दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. खरं म्हणजे माझा मिक्सर बिघडला होता.

इंदू सगळ्यांचं ऐकून घ्यायची, प्रत्येकाला तीन मिनिटं द्यायची, आणि पापलेट आणायची. परब एकदा फारच मागे लागले. इंदूताई, बांगडा खा, तोही मासाच, तब्येतीला चांगला, आणि पापलेटाच्या पैशात आठवडाभर होईल. इंदू फॉल लावत होती. सुई तशीच धरून म्हणाली, "परबांनु, तुमची पेन्शन कशात जाते हो? मी विचारलं कधी?" परबांची पेन्शन कशात जाते ते सगळ्या चाळीला माहीत आहे. दर तीन महिन्यांनी नवीन चप्पल घेतात आणि जुनी चावते म्हणून परत घालत नाहीत. इंदू म्हणाली, "पैसे सरकारचे, जीभ माझी." हे तिचं वाक्य. ते इतकं फिरलं की वाणीसुद्धा उधारी मागताना म्हणायला लागला.

तिची खरेदी बघण्यासारखी असते. पारू कोळणीच्या पाटीसमोर ती कुबड्या टेकवून उभी राहते आणि आधी काहीच बोलत नाही. पारूही बोलत नाही. मग इंदू बोटाने एका पापलेटाचा कल्ला उचलते, आत बघते, डॉक्टर घशात बघतात तसं. नको असलेलं पाटीत परत ठेवताना त्याची माफी मागितल्यासारखं हळू ठेवते. शेवटी एक निवडते आणि भाव करते. तो भाव म्हणजे भांडण नव्हे, ती दोघींची गप्पांची पद्धत. पारू म्हणते, गे, तुझ्यापायी माझी पोरं उपाशी. इंदू म्हणते, तुझी पोरं माझ्यापेक्षा जाड आहेत. असं करत करत रक्कम कुठेतरी टेकते.

मग घरी येऊन हिरवी चटणी वाटायची, पाट्यावर, कारण मिक्सर काही तिने घेतलाच नाही. चटणी पोटात भरायची, तांदळाच्या पिठात घोळवायचं, तव्यावर मंद आचेवर ठेवायचं. आणि दार सताड उघडं टाकून, दाराकडे तोंड करून, खाली पाय पसरून जेवायला बसायचं. एक तास. त्या तासात येणारेजाणारे सगळे तिला बघतात आणि ती कोणाकडेही बघत नाही. शिंदेबाई नाक मुरडून म्हणायच्या, निराधार म्हणे, आणि थाट बघा. इंदूला ऐकू जायचं. ती शेपटीकडचा कुरकुरीत भाग आणखी सावकाश खायची.

आता जे झालं ते सांगते, आणि त्यात चूक कोणाची तेही सांगते.

एके दिवशी दुपारी कचेरीतून एक बाई आल्या. गळ्यात ओळखपत्र, हातात फाईल. पेन्शनवाल्यांची पडताळणी चालू होती. इंदू नेमकी दोरा आणायला दादरला गेलेली. तिच्या दाराला कुलूप. बाहेर बाकड्यावर मी, शिंदेबाई आणि परब. बाईंनी नीट सांगितलं, मी अमुक कचेरीतून आले आहे, इंदुमती नाईक यांची परिस्थिती कशी आहे ते विचारायचं आहे.

आम्ही ऐकलं. तिघांनीही ऐकलं. पण तुम्हाला चाळीची रीत माहीत आहे का? परका माणूस दारात उभा राहून शेजाऱ्याची चौकशी करायला लागला, की ती पन्नास वर्षं एकाच कारणासाठी असायची. स्थळ. मुलगी कशी आहे, घरचे कसे आहेत, खाऊनपिऊन सुखी आहेत का. आणि अशा वेळी शेजाऱ्याने काय सांगायचं ते ठरलेलं. भांडण असेल, नळावरून अबोला असेल, तरी बाहेरच्यासमोर चांगलंच सांगायचं. शिंदेबाईंच्या मोठ्या मुलीचं मी असंच सांगितलं होतं. तिला साधा भात येत नव्हता आणि मी पुरणपोळीपर्यंत गेले होते. लग्न छान झालं. आमच्या तोंडाला ते वळणच पडलेलं.

त्या बाईंनी विचारलं मात्र, मी सुरू झाले. काही म्हणजे काही कमी नाही हो आमच्या इंदूला. स्वतःची खोली आहे. हाताला कला आहे, साड्यांचा ढीग पडलेला असतो. दर महिन्याला पापलेट खाते. शिंदेबाई, ज्यांनी जन्मात तिच्याबद्दल बरा शब्द काढला नव्हता, त्या म्हणाल्या, भाऊ सोन्यासारखा आहे, फार जीव बहिणीवर. आणि परब उठून उभे राहिले. परबांना उभं राहिल्याशिवाय बोलता येत नाही. म्हणाले, मॅडम, ही सगळी चाळ तिच्या पाठीशी उभी आहे.

बाई लिहीत होत्या. परब त्यांना स्पेलिंग सांगत होते.

संध्याकाळी मी इंदूला सांगितलंसुद्धा, अगं कचेरीतून आल्या होत्या, आम्ही सगळं छान सांगितलंय. ती म्हणाली, बरं केलंत. तिला वाटलं छान म्हणजे पेन्शनसाठी छान.

पुढच्या महिन्यात पेन्शन आली नाही. उशीर होतो कधी कधी, म्हणून तिने वाट पाहिली. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. मग ती एकटीच चौकशीला गेली आणि परत आली तेव्हा आम्ही तिघंही बाकड्यावर होतो. ती समोर उभी राहिली. म्हणाली, पेन्शन बंद केली. कागदावर लिहिलंय, भावाचा आधार आहे, उत्पन्न आहे, शेजारी सांभाळतात. "आणि पापलेट कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, मी.

मला वाटलं ती शिव्या घालेल. मालवणीत शिव्या घालायला लागली की इंदू ऐकण्यासारखी असते. पण ती एवढंच म्हणाली, "तीन मिनिटं झाली, वहिनी," आणि आत जाऊन दार लावून घेतलं. मी अजून एकच शब्द बोलले होते.

मग चाळीला पश्चात्ताप झाला. आणि आमचा पश्चात्ताप वाटीतून जातो. शिंदेबाईंकडून डाळ, परबांकडून भोपळ्याची भाजी, तिसऱ्या मजल्यावरून उपम्याचा डबा, माझ्याकडून कालचं चिकन. इंदू परत करत नव्हती. घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी वाटी स्वच्छ घासून, रिकामी देऊ नये म्हणून आत चिमूटभर साखर घालून धाडायची. पण बोलायची नाही. आणि दार बंद ठेवायला लागली. दार बंद ठेवून जेवायची.

पंधरा दिवसांनी मी हिंमत करून गेले. माझ्या हातात काहीच नव्हतं, वाटीसुद्धा. म्हणून असेल, तिने बस म्हटलं. मी म्हटलं, इंदू, जेवणाचं तरी काही कमी पडत नाही ना. हे विचारायला नको होतं, पण मला दुसरं काय सुचणार.

ती फॉल लावत होती, ती साडी बाजूला ठेवली. म्हणाली, "वहिनी, लहानपणापासून माझ्या पुढ्यात ताट आणून ठेवतात. मला उठून स्वयंपाकघरात बघता येत नव्हतं ना, काय शिजतंय ते. जे आलं ते खाल्लं. चांगलंच असायचं. आता तुम्ही सगळे देता, तेही चांगलंच असतं. पण महिन्यातून एक दिवस मी स्वतःला विचारायची, इंदू, आज तुला काय खायचंय? आणि ते मिळायचं. तुम्ही माझं पापलेट नाही घालवलंत. तेवढा प्रश्न घालवलात."

मी म्हटलं, मग आणूया परत. ती म्हणाली, आणायचंच आहे. अर्ज लिहून ठेवलाय, मंगळवारी बोलावलंय, तू येणार आहेस. असं विचारलं नाही तिने, सांगितलं.

परबांना कळलं तेव्हा ते सूचना घेऊन आले. साडी जुनी नेसा, कानातलं काढून ठेवा, साहेबांसमोर जरा डोळ्यांत पाणी आणा. इंदूने पूर्ण तीन मिनिटं ऐकून घेतलं. मंगळवारी सकाळी खाली उतरले तर इंदू मोरपंखी इरकल नेसून तयार. कानात कुड्या, केसांत अबोलीचा गजरा. मी म्हटलं, हे काय गो, आपण कुठे निघालोय. म्हणाली, "माझे पाय पोलिओने गेलेत. साडीने नाही."

वाटेत टॅक्सीत तिने मला एक अट घातली. मी अपंग आहे ते साहेबांना दिसेल. मी किती कमावते ते सांगेन. पण माझं कोणी नाही, हे मी माझ्या तोंडाने सांगणार नाही.

कचेरी दुसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर दुरुस्तीची पाटी. मी म्हटलं खाली निरोप देऊ, कोणीतरी खाली येईल. इंदूने कुबड्या माझ्या हातात दिल्या, पहिल्या पायरीवर पाठ करून बसली, आणि हातांवर जोर देऊन एकेक पायरी मागे मागे वर सरकायला लागली. इरकलीचा पदर दातात धरलेला. माणसं बाजूला होत होती. एक शिपाई उचलायला धावला, त्याला तिने मानेनेच नको म्हटलं. मी कुबड्या घेऊन मागून चढत होते आणि मला धाप लागली, तिला नाही. वर पोचल्यावर तिने आधी गजरा चाचपून पाहिला.

साहेब पन्नाशीचे होते, चष्मा कपाळावर. बसा म्हणाले. इंदू म्हणाली, बसतबसतच आलेय. ते हसले नाहीत. त्यांनी फाईल उघडून वाचायला सुरुवात केली. भावाचा आधार, शिवणकामाचं उत्पन्न, आणि पुढे अडखळले. चष्मा खाली ओढून परत वाचलं. "नियमित पापलेट खातात."

"महिन्यातून एकदा," इंदू म्हणाली.

साहेब वाईट माणूस नव्हता. तो समजावायला लागला, की बाई, पेन्शन गरजेसाठी असते. धान्य, औषधपाणी.

इंदूने हात मांडीवर ठेवले. म्हणाली, "साहेब, धान्य रेशनवर घेते, त्याचे पैसे फॉलमधून निघतात. औषध परळच्या इस्पितळात मिळतं, रांगेत उभं राहायची तयारी असली की. मला मिळतं ते सगळं दुसऱ्याने ठरवलेलं असतं. तांदूळ कुठला ते रेशनवाला ठरवतो, गोळी कुठली ते डॉक्टर ठरवतो. हे एक मी ठरवते. ती माझी गरज आहे. तुमच्या कागदावर त्याला रकाना नसेल, तर पापलेटच राहू दे. खोडू नका."

साहेबांनी खोडलं नाही. पेन टेकवून त्यांनी विचारलं, आणि भाऊ?

इंदू खिडकीबाहेर बघायला लागली.

आता माझी पाळी होती. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं पुडीच्या कागदावरून वाचून वाचून. कचेरीत मी कधी तोंड उघडलेलं नाही. पण मी उभी राहिले, परबांसारखी, आणि म्हटलं, साहेब, तो जबाब माझा आहे आणि तो खोटा आहे. भाऊ चार वर्षांत आलेला नाही. शेवटचा आला तो खोलीच्या कागदावर सही मागायला. साड्या ढीगभर नसतात, लग्नसराईत असतात, एरवी आठवड्याला दोन. आणि चाळ पाठीशी आहे असं आम्ही सांगितलं.

इथे मी थांबले. इंदू ऐकत होती ना. ती खिडकीकडे बघत असली तरी बूथवर बसलेली बाई ती, तिचे कान कधी बंद नसतात. पण थांबून चालणार नव्हतं. मी म्हटलं, "चाळ पाठीशी आहे म्हणजे जाता-येता काय इंदू, बरी आहेस ना म्हणतो, आणि उत्तर ऐकायच्या आधी वर जातो. तिच्या खोलीत बसून तिच्याबरोबर जेवलेलं माणूस चाळीत एकही नाही. पंचेचाळीस वर्षांत मीसुद्धा नाही. लिहून घ्या."

साहेबांनी लिहून घेतलं. मी खाली सही केली. माझी सही फार सावकाश होते, तेवढा वेळ साहेब थांबले.

परत येताना टॅक्सीतही इंदू खिडकीबाहेरच बघत होती. मला वाटलं आता ही जन्मात बोलणार नाही. चिंचपोकळीचा पूल आल्यावर म्हणाली, "आज बरी बोललीस. त्या दिवशी एवढं गोड बोलली नसतीस तर जिना वाचला असता." मग गजरा काढून माझ्या ओच्यात टाकला. तो फार घट्ट बसला होता म्हणे.

पेन्शन सुरू व्हायला आणखी दोन महिने गेले. इंदू दर सोमवारी त्या कचेरीला फोन करायची आणि आपल्या नावाचं काय झालं विचारायची, आणि पलीकडच्याने ठेवल्याशिवाय ठेवायची नाही. शेवटी एकदा सकाळी सकाळी तिने खालून माझ्या नावाने हाक मारली. पिशवी घेऊन ये, म्हणाली. मी आले. बाजारात ती मला दिसायची, पण आजवर बरोबर कधी घेऊन गेली नव्हती.

पारूने तिच्यासाठी एक पापलेट वेगळं काढून बर्फात ठेवलं होतं. इंदूने त्याच्याकडे पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि माझ्याकडे वळली.

"वहिनी, तुका काय होया?"

मी म्हटलं, मला काय, तू घे तुझं. ती म्हणाली, मी माझं विचारलं नाही, तुझं विचारलंय. मी हसण्यावारी नेलं. तिने नेऊ दिलं नाही. कुबड्या टेकवून उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत.

आता खरं सांगते. मला उत्तर येईना. आमच्या ह्यांना सुरमई लागायची, तर सुरमई. हे गेल्यावर मुलाला चिकन, तर चिकन. सून रोज विचारते, आई, काय करू? मी म्हणते, कर तुम्हाला हवं ते, आणि तीही तेच ऐकायच्या तयारीने विचारते. मी पाटीभर मासळीकडे बघत होते आणि मला काय आवडतं ते माझं मलाच सापडत नव्हतं. मागे गिऱ्हाईकं खोळंबली. पारू म्हणाली, बायांनो, बर्फ वितळला. इंदू म्हणाली, वितळू दे.

मग पाटीच्या कोपऱ्यात सोनेरी मांदेल्यांचा वाटा दिसला. बोटाएवढा मासा. अलिबागकडे माझ्या माहेरी आई त्या कडकडीत तळायची आणि आम्ही बहिणी परसात बसून चण्याफुटाण्यांसारख्या खायचो. लग्न झाल्यावर एकदा केल्या, तर हे म्हणाले, ही काय मासळी, हे तर मांजराचं. त्यानंतर नाही केल्या. मी मांदेली म्हणाले, पण इतकं हळू की पारूने परत विचारलं.

पेन्शनच्या दिवशी मांदेली? पारूला पटेना. इंदूने दोन वाटे घालायला सांगितले. भाव केला नाही.

खोलीवर मला तिने कशाला हात लावू दिला नाही. बस म्हणाली. दार उघडं टाकलं, मांदेल्या साफ केल्या, मीठ-हळद-तिखट, तांदळाचं पीठ, आणि तव्यावर ओळीने मांडल्या. दोन ताटं वाढली. दुसरं ताट कोरं करकरीत होतं, त्याच्यामागचा कंपनीचा कागदसुद्धा अजून निघालेला नव्हता.

मी खाल्लं ते काय सांगू. ते जाऊ दे. पण इंदू मधेमधे नुसताच भात खात होती. तिला मांदेली आवडत नाही हे पहिल्या घासालाच दिसत होतं. मी म्हटलं, अगं मग पापलेट पण घ्यायचंस, एवढी वाट पाहिलीस. ती म्हणाली, "दर महिन्याला मीच मला विचारायचं आणि मीच मला सांगायचं. लोकांना थाट वाटायचा. मला कंटाळा यायचा गो." आणि एक मांदेली उचलून नेटाने चावायला लागली.

वरून सुनेने हाक मारली, आई, जेवायला या, सगळे थांबलेत. मी उघड्या दारातून ओरडून सांगितलं, थांबू नका, मी इंदूकडे जेवतेय. जिन्यात कोणीतरी चढता चढता थबकलं. शिंदेबाई असाव्यात.

इंदूने तिच्या ताटातल्या मोठ्या मोठ्या मांदेल्या निवडून माझ्या ताटात सरकवल्या. पुढच्या महिन्यात काय, म्हणाली. मी म्हटलं, अगं, मला एवढं पटकन नाही सांगता येत, विचार करावा लागेल.

"कर ना," ती म्हणाली. "आख्खा महिना आहे."